सीडीसीतल्या तीन खुर्च्या: महाविद्यालयाच्या कारभारात प्राध्यापकांनी कसं उतरायचं

शनिवारी रात्री दहाच्या सुमारास स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना पडली: सोमवारपासून विज्ञान शाखेचे वर्ग सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भरतील. माझ्या वर्गातली पेठ, हरसूल, दिंडोरीकडून एसटीनं येणारी मुलं पहिल्या तासाला पोचणं शक्यच नव्हतं. आठवडाभर स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. शेवटी मी ऑफिसात जाऊन ओएसना, म्हणजे कार्यालय अधीक्षकांना विचारलं, हे ठरवलं कुणी? त्यांनी कपाटातून इतिवृत्ताची वही काढली आणि पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. ठराव सीडीसीचा, म्हणजे महाविद्यालय विकास समितीचा होता. खाली सभासदांच्या सह्या होत्या आणि चौथी सही माझी होती.

सभा अशी झालीच नव्हती. शिपाईमामा वही घेऊन वर्गाबाहेर उभे होते, मी दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत सही केली होती. सीडीसीत निवडून आलेल्या तीन प्राध्यापकांपैकी मी एक होते आणि माझ्याच मुलांचा पहिला तास मी न वाचता घालवला होता. त्यानंतरची वर्षं मी या समितीत नीट बसायला शिकले. नाशिकमधल्या, विशेषतः नव्यानं रुजू झालेल्या सहकाऱ्यांसाठी ते सगळं क्रमानं लिहिते आहे.

आधी बघा, तुम्हाला कायदा कोणता लागू आहे

नाशिकमध्ये हा प्रश्न खरोखरच पडतो, कारण इथे एका शहरात वेगवेगळ्या कायद्यांखाली चालणारं उच्च शिक्षण आहे. कॉलेज रोड, गंगापूर रोड, पंचवटी, नाशिकरोड, सिडको इथली बहुतेक पारंपरिक महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत. त्यांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू होतो. तो १ मार्च २०१७ पासून अमलात आला. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग महाविद्यालयं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे येतात. त्याचं मुख्यालय म्हसरूळला असलं तरी कायदा वेगळा, १९९८ चा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा कायदा १९८९ चा. खासगी विद्यापीठांचे आणखी निराळे. मित्राच्या कॉलेजातला नियम आपल्याकडे चालेल असं धरून चालू नका. पुढचं सगळं पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांबद्दल आहे.

आपल्याकडच्या जुन्या सहकाऱ्यांच्या तोंडी अजून 'एलएमसी' येतं. १९९४ च्या कायद्यातली ती स्थानिक व्यवस्थापन समिती. २०१६ च्या कायद्यानं तिची जागा महाविद्यालय विकास समितीला, म्हणजे सीडीसीला दिली. कलम ९७. या कलमाची छापील प्रत काढून टेबलाच्या खणात ठेवा. दीड-दोन पानांचं आहे. मला तर दर सभेआधी ते पुन्हा वाचायची सवय लागली आहे.

पंधरा माणसं मोजा

समितीत संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती, तेच समितीचे अध्यक्ष. संस्थेचे सचिव किंवा त्यांचा प्रतिनिधी. प्राचार्यांनी नेमलेला एक विभागप्रमुख. पूर्णवेळ प्राध्यापकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन प्राध्यापक, त्यांत किमान एक महिला. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेला एक कर्मचारी. शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य. त्यांना प्राचार्यांशी सल्लामसलत करून संस्था नेमते आणि त्यांतला किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. आयक्यूएसीचे, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव. आणि प्राचार्य, सदस्य-सचिव म्हणून.

बेरीज पंधरा. आता ती दुसऱ्या बाजूनं करून बघा. संस्थेनं नेमलेले किंवा संस्थेतून आलेले सहा. शिकवणाऱ्यांपैकी सहा, पण त्यांतले तीनच निवडून आलेले. विभागप्रमुखाची नेमणूक थेट प्राचार्यांची, समन्वयकही साधारणपणे त्यांच्याच पसंतीचे. उरले तीन: एक शिक्षकेतर कर्मचारी आणि दोन विद्यार्थी. खरं तर पारडं हे तिघं झुकवतात. आपण प्राध्यापक मंडळी त्यांच्याशी सभेआधी कधी बोलत नाही, ही आपली सगळ्यात मोठी चूक. सकाळच्या वेळेचा प्रश्न आम्ही नंतर पुन्हा सभेत नेला तेव्हा प्रयोगशाळा सहायकांच्या प्रतिनिधीनं जे सांगितलं ते आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं: सात दहाला वर्ग भरवायचा तर प्रयोगशाळा साडेसहाला उघडावी लागते, आणि त्या जादा वेळेचा विचार कुणीच केलेला नाही.

युनेस्कोनं ११ नोव्हेंबर १९९७ रोजी उच्च शिक्षणातल्या अध्यापकांच्या दर्जाविषयी एक शिफारस स्वीकारली होती. शैक्षणिक मंडळांवरच्या प्रतिनिधींमध्ये बहुमत निवडण्याचा हक्क अध्यापकांना असावा, असं त्यात म्हटलं आहे. सीडीसी ही निव्वळ शैक्षणिक मंडळाच्या जातीची नाही, तिच्याकडे पैशांचे आणि इमारतींचेही विषय येतात, त्यामुळे ती फूटपट्टी जशीच्या तशी इथे लागत नाही. पण पंधरांत तीन ही संख्या किती तोकडी आहे ते त्यावरून समजतं. तोकडी आहे म्हणूनच ते तीन कोण असावेत याचा विचार आधी करायला हवा.

निवडणूक खरोखर व्हायला हवी

कायदा 'निवडून दिलेले' म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य तीन नावं वाचतात, टाळ्या पडतात आणि 'बिनविरोध' लिहिलं जातं. बिनविरोध होण्यात गैर काही नाही, उमेदवारच तीन असतील तर. पण त्याआधी लेखी सूचना निघाली होती का, मतदारयादी लागली होती का, अर्ज भरायला दिवस मिळाले होते का? या तीन गोष्टी मागा. नम्रपणे, पण अर्ज देऊन मागा. मतदान गुप्त असावं. वीस-पंचवीस जणांच्या स्टाफमध्ये हात वर करून मत द्यायला लावलं तर वरिष्ठांपुढे नवा सहायक प्राध्यापक हात कसा वर करील?

सदस्यांची मुदत निवडीच्या किंवा नेमणुकीच्या तारखेपासून पाच वर्षं. मधेच कुणी निवृत्त झालं, बदली झाली, तर ती जागा तीन महिन्यांत भरायची असते. कायदा आल्या वर्षी, २०१७ मध्ये, जिथे पहिली समिती झाली तिथे दुसरी २०२२ मध्ये आणि तिसरी २०२७ मध्ये येते. तुमच्या समितीची तारीख ऑफिसातून लिहून घ्या.

महिला सदस्याबद्दल स्वतंत्र सांगते, कारण मी त्या जागेवरून निवडून आले होते. कायदा 'किमान एक' म्हणतो. आपण त्याचा अर्थ 'बाईंची एक जागा' असा करून टाकला आहे आणि त्या जागेवर शांत स्वभावाची, विचारलं तर मान हलवणारी कुणी शोधली जाते. तिन्ही जागांवर महिला निवडून यायला कायद्याची काहीच आडकाठी नाही.

आणि सीएचबीचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे सहकारी. मतदानाचा हक्क पूर्णवेळ प्राध्यापकांना आहे, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना नाही. कित्येक विभागांत निम्मे तास हीच मंडळी घेतात, आणि वेळापत्रक बदललं की पहिला फटका त्यांनाच बसतो: सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. त्यांचं मत समितीपर्यंत नेण्याची जबाबदारी निवडून आलेल्या तिघांची. आम्ही प्रत्येक सभेच्या आठवडाभर आधी मधल्या सुट्टीत अर्धा तास सगळ्यांना बोलावतो, सीएचबीसह. चहा आपापल्या पैशांनी. तिथे आलेले मुद्दे एका कागदावर लिहितो आणि तो कागद सभेत घेऊन जातो.

क्रियापदं वाचा

कलम ९७ मधल्या कामांची यादी लांब आहे. ती वाचताना नामांपेक्षा क्रियापदांकडे लक्ष द्या, कारण समितीचा खरा अधिकार तिथेच कळतो.

अध्यापनाचा एकूण कार्यक्रम किंवा वार्षिक दिनदर्शिका समिती *ठरवते*. नवे अभ्यासक्रम आणि नवी पदं यांची ती संस्थेला *शिफारस करते*. वार्षिक अंदाजपत्रक आणि हिशेबपत्रकं ती *तयार करते* आणि मंजुरीसाठी संस्थेकडे शिफारस करते. महाविद्यालयाचा सर्वंकष विकास आराखडा *तयार करते*. स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांचा *आढावा घेते*. आयक्यूएसीचे अहवाल, लेखापरीक्षणाचे आणि नॅकचे (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचे) अहवाल यांच्यावर *विचार करून शिफारशी करते*. प्रवेशाची कार्यपद्धती नियमांच्या चौकटीत *आखते*. ३० जूनला संपणाऱ्या वर्षाचा कामाचा अहवाल तयार करून संस्थेला आणि विद्यापीठाला *सादर करते*.

याचा व्यवहारातला अर्थ काय? नवं पद मिळत नाही म्हणून सभेत आवाज चढवून उपयोग नाही. तिथे समितीच्या हातात शिफारसच आहे, ती भक्कम आकड्यांनिशी लिहून पुढे पाठवावी. पण वेळापत्रक आणि दिनदर्शिका हा समितीचाच निर्णय आहे. तिथे 'वरून आलंय' हे उत्तर चालवून घेऊ नका. अंदाजपत्रक तयार करण्याचं कामही समितीचं आहे, त्यामुळे छापून आलेलं अंदाजपत्रक सभेत वाचून मंजूर करणं पुरेसं नाही. विभागांच्या मागण्या डिसेंबर-जानेवारीतच लेखी गोळा करा, म्हणजे मार्चआधीच्या सभेत त्या टेबलावर असतील. ग्रंथालय, प्रयोगशाळेतली रसायनं आणि काचसामान, वसतिगृहाची डागडुजी या तीन ओळी आधी तपासा. सर्वात शांतपणे कात्री तिथेच लागते.

एक विषय सुरुवातीपासून शेवटपर्यंत: सिंहस्थाच्या वर्षाची दिनदर्शिका

नाशिककरांना यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे. अमृतस्नानं २०२७ मध्ये: २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट, आणि तिसरं नाशिकला ११ सप्टेंबर, त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबर. पहिलं सोमवारी, दुसरं मंगळवारी, तिसरं शनिवार-रविवारी. म्हणजे पहिल्या सत्राचा नेमका मधला भाग. २०१५ मध्येही असंच होतं: २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर, १८ सप्टेंबर आणि त्र्यंबकला २५ सप्टेंबर. ज्यांनी तेव्हा पंचवटीत किंवा त्र्यंबक रोडवर शिकवलं त्यांना बॅरिकेड्स आणि वाहनबंदी आठवत असेल. स्नान एका दिवसाचं, पण रस्ते आधी-नंतरही बांधलेले असतात, महाविद्यालयांच्या इमारती आणि मैदानं बंदोबस्ताच्या किंवा वाहनतळाच्या कामी मागितली जाऊ शकतात, आणि ग्रामीण भागातून येणारी मुलं पार अडकून पडतात.

दुसऱ्या बाजूला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार वर्षात किमान १८० दिवस, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यानं ३० आठवडे, प्रत्यक्ष अध्यापन व्हायला हवं. सत्र कधी सुरू होणार आणि विद्यापीठाची परीक्षा कधी, हे पुणे विद्यापीठ ठरवतं. त्या दोन टोकांच्या आत दिवस कसे मांडायचे, हे सीडीसी ठरवू शकते. ऐनवेळी जिल्हा प्रशासनाची सुट्टी जाहीर होईपर्यंत थांबलात तर बुडालेले तास शेवटच्या आठवड्यात कोंबावे लागतील. मग पायऱ्या अशा:

पहिलं, माहिती. 'मुलांची गैरसोय होते' हे वाक्य सभेत कुणालाच हलवत नाही. प्रत्येक वर्गातली किती मुलं कोणत्या तालुक्यातून, कोणत्या गाडीनं येतात याची यादी वर्गशिक्षकांकडून घ्या. मेळा बसस्थानक आणि जुन्या सीबीएसवर उतरणारी किती, सिटीलिंकच्या शहर बसनं येणारी किती, शहरातून दुचाकीनं किती. त्यात वसतिगृहातल्या मुलांचा वेगळा रकाना करा. २०१५ मधल्या उपस्थितीच्या वह्या ऑफिसात असतील तर त्या स्नानांच्या आठवड्यांतली पानं काढा. एवढं काम दोन प्राध्यापक आणि दोन एनएसएसची मुलं आठवड्यात करतात.

दुसरं, विषय लेखी द्या. सीडीसीच्या वर्षातून किमान चार सभा व्हायला हव्यात. पुढची सभा कधी ते प्राचार्यांना विचारा आणि विषयपत्रिका निघण्याआधी अर्ज द्या. आम्ही वापरतो तो मसुदा असा:

> प्रति, सदस्य-सचिव, महाविद्यालय विकास समिती.
> विषय: २०२७-२८ या वर्षाच्या दिनदर्शिकेत सिंहस्थाच्या काळातील अध्यापनाचे नियोजन.
> महोदय, समितीच्या आगामी सभेच्या विषयपत्रिकेत वरील विषय समाविष्ट करावा ही विनंती. सोबत विद्यार्थ्यांच्या प्रवासाची तालुकानिहाय यादी आणि प्रस्तावित ठरावाचा मसुदा जोडला आहे. विषय समाविष्ट करणे शक्य नसल्यास तसे लेखी कळवावे.

शेवटचं वाक्य वगळू नका. आवक-जावक विभागात अर्ज द्या, तुमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. प्राचार्यांच्या हातात दिलेला अर्ज त्यांनी चांगल्या मनानं खणात ठेवला तरी तो खणातच राहतो.

तिसरं, ठराव तुम्हीच लिहून न्या. सभेत सगळे 'यावर काहीतरी करायला हवं' म्हणतात आणि इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच उरतं. ठरावात कोण, काय, कधीपर्यंत हे तिन्ही हवं:

> ठरविण्यात येते की, २०२७-२८ च्या पहिल्या सत्रात अमृतस्नानांच्या तारखांच्या आदल्या व नंतरच्या दिवशी प्रत्यक्ष वर्ग न घेता त्या तासांची भरपाई जून-जुलैमधील जादा तासांनी व शनिवारच्या वर्गांनी करावी. भरपाईचे वेळापत्रक विभागप्रमुखांनी ३१ मेपर्यंत प्राचार्यांकडे द्यावे. या काळात वसतिगृह, ग्रंथालय व खानावळ चालू ठेवावी. आणि इमारत शासकीय कामासाठी द्यावी लागल्यास प्रयोगशाळा व ग्रंथालय वगळावे, अशी विनंती जिल्हा प्रशासनास करावी.

चौथं, सभेआधी माणसांना भेटा. स्थानिक सदस्यांपैकी उद्योगातले जे असतील त्यांना सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी सिंहस्थात शिफ्टचं काय केलं ते माहीत असतं. माजी विद्यार्थी सदस्याला मुलांच्या प्रवासाची यादी दाखवा, ते स्वतः त्याच एसटीनं आलेले असू शकतात. संस्थेच्या सचिवांनाही आधी भेटा. सभेत अचानक कागद पुढे केला की माणूस बचावात जातो. आपल्याकडच्या संस्था मोठ्या परंपरेच्या आहेत. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची. तिथल्या पदाधिकाऱ्यांना मुलांच्या अडचणी आधी कळल्या तर ते बहुतेकदा ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

सकाळच्या वेळेच्या वादाचा शेवटही असाच भेटीगाठींतून निघाला. संस्थेला एकाच इमारतीत दोन पाळ्या बसवायच्या होत्या आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तोडगा निघाला तो एका तरुण सहकाऱ्याच्या डोक्यातून: सात दहाला प्रात्यक्षिकं ठेवा, त्या बॅचमध्ये शहरातली मुलं घ्या, बाहेरगावच्या मुलांची प्रात्यक्षिकं दुपारी. सगळ्यांची व्याख्यानं साडेआठनंतर. प्रयोगशाळा सहायकांच्या वेळाही त्याच ठरावात बदलल्या.

सभेत बसल्यावर

सभेची नोटीस, विषयपत्रिका आणि टिपणं आधी हातात आली आहेत का ते बघा. आली नसतील तर सुरुवातीलाच तसं सांगा आणि नोंद करायला लावा.

पहिला विषय नेहमी मागील सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा असतो आणि तो अर्ध्या मिनिटात उरकला जातो. तुमचा सगळ्यात मोठा हक्क याच अर्ध्या मिनिटात आहे. जे ठरलं तेच लिहिलंय का, शब्द बदललेत का, 'शिफारस' ऐवजी 'मंजूर' पडलंय का, हे इथेच बोलायचं. एकदा कायम झालेलं इतिवृत्त पुढे नॅकसमोर, विद्यापीठासमोर, कधी न्यायालयासमोरही पुरावा म्हणून उभं राहतं. त्यानंतर मागच्या ठरावांवर काय कार्यवाही झाली, हे विचारा. ठराव क्रमांक घेऊन विचारा.

'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' हा शेवटचा मथळा. फी, वेळ, नेमणुका असे वजनदार विषय इथून आले की 'टिपण नाही, विचार करायला वेळ नाही, पुढच्या सभेत घ्यावा' असं सुचवा. तरी ठराव झालाच आणि तुम्हाला तो मान्य नसेल तर एकच वाक्य म्हणा: माझी असहमती कारणासह इतिवृत्तात नोंदवावी. कारण दोन ओळींत लिहून त्याच दिवशी सदस्य-सचिवांना द्या. असहमती नोंदवणं हे भांडण नव्हे. सभेत न बोलता स्टाफरूममध्ये बोलण्यापेक्षा ते कितीतरी सभ्य आहे.

आणि वही फिरून सही मागायला आली तर? 'सभा झाली नाही, म्हणून सही करू शकत नाही' असं शांतपणे सांगा. शिपाईमामांवर राग काढू नका, त्यांना पाठवलेलं असतं. प्राचार्यांना भेटून सभा घेण्याची लेखी विनंती करा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा हात थरथरत होते. दुसऱ्या वेळी वही आलीच नाही, सभेची नोटीस आली.

विद्यार्थी परिषद अनेक ठिकाणी नेमलेलीच नसते आणि त्या दोन खुर्च्या रिकाम्या राहतात. प्रत्येक सभेत त्याची आठवण करून द्या. परिषद होईपर्यंत वर्गप्रतिनिधींना निमंत्रित म्हणून बोलवायची सूचना मांडा. वसतिगृहाचं पाणी आणि मुलींच्या स्वच्छतागृहांची स्थिती यावर प्राध्यापक जे बोलतात त्यापेक्षा मुली स्वतः दोन मिनिटांत जास्त सांगतात.

काही विषय या समितीत आणू नका. स्वतःची पदोन्नती, रखडलेली वेतननिश्चिती, सहकाऱ्याशी झालेला वाद यांच्यासाठी तक्रार निवारणाची यंत्रणा वेगळी आहे. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समितीकडेच जाते, सीडीसीत तिचा उच्चारही होऊ नये, गोपनीयता मोडते. सीडीसीत वैयक्तिक विषय आला की त्या दिवसापुरते तुमचे बाकीचे दोन चांगले मुद्देही हलके होतात.

सभेनंतर

इतिवृत्ताची प्रत मागा. मिळाली की आपल्या मतदारांना, म्हणजे सगळ्या प्राध्यापकांना, पानभर सारांश द्या: काय ठरलं, काय राहिलं, आपण काय बोललो. निवडून आलेल्या माणसानं हे केलं नाही तर त्याला 'निवडून आलेला' का म्हणायचं?

प्रत नाकारली गेली तर अनुदानित महाविद्यालयात माहितीच्या अधिकाराचा रस्ता आहे. २००५ च्या कायद्यानुसार दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. पण तो शेवटचा रस्ता ठेवा. आधी आयक्यूएसीच्या समन्वयकांकडे जा. नॅकच्या मूल्यमापनात सहावा निकष प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा आहे, सभांची इतिवृत्तं आणि त्यांवरची कार्यवाही त्यांना दाखवावी लागते. सभा नीट व्हाव्यात यात समन्वयकांचाही तितकाच स्वार्थ आहे.

मे महिन्यात ३० जूनच्या वार्षिक अहवालाची आठवण करा. किती सभा झाल्या, किती ठराव अमलात आले, किती राहिले, हे त्यात यायला हवं. मसुदा करायची तयारी स्वतःहून दाखवा. जो मसुदा लिहितो त्याचे शब्द राहतात.

कॉलेजच्या वर: अभ्यास मंडळ आणि अधिसभा

आपण काय शिकवायचं हे सीडीसी ठरवत नाही, ते पुण्यात अभ्यास मंडळात ठरतं. तिथून विद्याशाखा, मग विद्यापरिषद. अभ्यास मंडळावर कुलगुरूंनी नेमलेल्या प्राध्यापकांबरोबरच संलग्न महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन विभागप्रमुखही असतात. आपल्या विषयाच्या मंडळावर नाशिक जिल्ह्यातलं कुणी आहे का ते बघा. असेल तर त्यांच्याकडे सत्राच्या शेवटी अभ्यासक्रमावरचा अभिप्राय पाठवा: कोणत्या घटकाला तास कमी पडले, कोणतं संदर्भपुस्तक मिळतच नाही, ग्रामीण भागातल्या मुलांना कुठे अडलं. 'अभ्यासक्रम जड आहे' असं मोघम लिहू नका, घटक क्रमांक आणि लागलेले तास लिहा.

तुमचं महाविद्यालय स्वायत्त असेल तर चित्र बरंच बदलतं. आयोगाच्या २०२३ च्या स्वायत्ततेच्या विनियमांप्रमाणे अभ्यास मंडळ कॉलेजातच बसतं, विभागप्रमुख त्याचे अध्यक्ष, विभागातले प्राध्यापक सदस्य आणि बाहेरचे तज्ज्ञ. म्हणजे अभ्यासक्रम तुमच्या हातात येतो. अशा ठिकाणी मंडळाची सभा प्रश्नपत्रिका काढण्याइतक्याच गांभीर्यानं घ्यायला हवी.

अधिसभा म्हणजे विद्यापीठाची सिनेट. तिथे संलग्न महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना दहा जागा आहेत, त्यांतल्या पाच राखीव: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि महिला. मतदारसंघ पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक मिळून तिन्ही जिल्ह्यांचा. मागची निवडणूक २०२२ मध्ये झाली, मुदत पाच वर्षांची. मतदान पसंतीक्रमानं होतं. एकाच नावापुढे १ लिहून कागद घडी करू नका. तुमचा पहिल्या पसंतीचा उमेदवार निवडून यायला लागणारा मतांचा कोटा ओलांडून गेला किंवा बाद झाला तर पुढच्या पसंतीचं मत दुसऱ्याच्या कामी येतं, ते रिकामं सोडलंत तर तिथेच संपतं. उमेदवार मत मागायला स्टाफरूममध्ये येतील तेव्हा त्यांना विचारा की गेल्या पाच वर्षांत त्यांनी अधिसभेत कोणते प्रश्न लेखी विचारले. अधिसभेचं इतिवृत्त असतं, उत्तर पडताळता येतं.

मतदारयादीचा मसुदा लागला की त्याच दिवशी आपलं नाव, विभाग आणि प्रवर्ग तपासा. नव्या रुजू झालेल्यांची नावं सर्वाधिक गळतात, आणि हरकतीची मुदत थोडीच असते. आपलं नाव सापडलं की शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचंही बघून या.